कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सीझन कसा आखायचा? ऑगस्ट ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, नागपूर

क्रीडासचिव_नवा

नमस्कार मंडळी. यंदा कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉल टीमचं सगळं माझ्याकडे आलंय. कोच अर्धवेळ आहेत, फक्त संध्याकाळी येतात. २६ मुलांनी नावं दिलीत. त्यातले पाच-सहा कामठी आणि मेकोसाबागकडचे, क्लबकडून खेळणारे. बाकीचे शाळेपर्यंत खेळलेले किंवा टर्फवर फाइव्ह-ए-साइड खेळणारे. खरा गोलकीपर एकच.

ग्राउंड कॉलेजचंच आहे, पण काळ्या मातीचं, आणि क्रिकेटवाल्यांसोबत वाटून घ्यावं लागतं. पाऊस पडला की चार दिवस काहीच करता येत नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक अजून हातात नाही, त्यातच पुढे हिवाळी परीक्षा. सराव किती आठवडे आधी सुरू करावा, किती मुलं ठेवावीत, कागदपत्रांत लोक नेमके कुठे अडकतात आणि ग्राउंडचं काय करावं? सामान घ्यायला पैसे बेताचे आहेत, एक जर्सी सेट आणि थोडे बॉल एवढंच बसेल.

मोतीबाग_मिडफिल्ड

ही लीग नाही, बाद फेरी आहे. एक सामना हरला की पुढच्या वर्षीच भेटायचं. त्यामुळे "हळूहळू लयीत येऊ" हा विचार चालत नाही, पहिल्याच सामन्याला टीम तयार पाहिजे. आखणी पहिल्या सामन्यापासून उलटी करा. तारीख नसेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरून आठ आठवडे मागे मोजा. तारीख पुढे ढकलली गेली तर बिघडत नाही, अलीकडे आली तर मात्र पंचाईत होते.

ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) कसा वाचायचा तेही शिकून घ्या. समजा २२ कॉलेजांनी प्रवेशिका दिल्या. २२ च्या वरचा दोनाचा घात ३२, म्हणजे ३२ वजा २२, दहा बाय (पहिली फेरी न खेळता थेट दुसरीत). उरलेल्या १२ टीम पहिल्या फेरीचे सहा सामने खेळणार आणि दुसऱ्या फेरीत १६ उरणार. बाय मिळाला तर विजेतेपदाला चार सामने लागतात, नाही मिळाला तर पाच. हे पाच सामने बहुतेक वेळा आठवड्याभरात उरकले जातात. सलग दिवशी सामने खेळायची तयारी सरावातच करावी लागते ती म्हणूनच.

मुलं २० ठेवा, त्यात दोन कीपर. दुसरा कीपर नसेल तर आत्ताच एखादा उंच, हात चांगले असलेला मुलगा निवडा (बास्केटबॉल किंवा हँडबॉल खेळणारे चटकन शिकतात) आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास फक्त कॅच, डाइव्ह आणि गोलकिक द्या. कीपरला रेड कार्ड मिळालं आणि ग्लोव्ह्ज सेंटर बॅकने (मधल्या बचावपटूने) घातले, तिथे निम्मे सामने जातात.

आता कागदपत्रं. टीमा मैदानापेक्षा टेबलावर जास्त बाद होतात. प्रत्येक मुलाची एक फाइल करा: दहावीचं बोर्ड प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, यंदाच्या प्रवेशाची पावती, एनरोलमेंट नंबर, ओळखपत्र, चार फोटो. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १ जुलैला १७ पेक्षा कमी नको आणि २५ च्या आत हवं. हा नियम भारतीय विद्यापीठ संघाचा आहे. आपल्याकडून निवडला गेलेला मुलगा पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत जायचा असेल तर याच कसोटीवर तपासला जातो, मग कॉलेजच्या पातळीवरच बघून घेतलेलं बरं. अडचण येते ती तीन ठिकाणी: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, मधे एक वर्ष गॅप आहे पण त्याचा कागद नाही, किंवा मुलगा दुसऱ्या बोर्डातून आलाय आणि मायग्रेशन सर्टिफिकेट अजून जमा नाही. प्राचार्यांची सही आणि शिक्का शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका. त्या दिवशी प्राचार्य नक्की बैठकीला गेलेले असतात.

सरावाचा ढाचा असा ठेवा. पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस, ७५ ते ९० मिनिटं. ग्राउंडला फेऱ्या मारायला लावू नका. तो दम फुटबॉलचा नाही. ३० बाय २० मीटरच्या चौकोनात चारास चार खेळवा, चार मिनिटांचे चार डाव, मधे तीन मिनिटं आराम. दमही वाढतो, पहिला टचही सुधारतो, आणि कोण दबावाखाली बॉल हातचा घालवतो ते कोचला दिसतं. टर्फवरची मुलं इथे भाव खातात, पण मोठ्या ग्राउंडवर त्यांना ४० मीटरचा पास दिसत नाही. चौथ्या आठवड्यापासून म्हणून अकरास अकरा सुरू करा आणि चार सराव सामने ठरवा. त्यातला निदान एक कामठीच्या एखाद्या क्लबच्या ज्युनियर टीमशी लावा. रब्बानी क्लबसारखे जुने क्लब ज्या गावात आहेत तिथली पोरं १६ व्या वर्षीही अंगावर येऊन खेळतात. चार गोल खाल्ले तरी चालेल, सप्टेंबरच्या आधी खाल्लेले बरे.

सातवा आठवडा सेट पीसचा, म्हणजे थांबलेल्या बॉलवरच्या ठरवून केलेल्या चालींचा. कॉर्नरचे दोन प्रकार, बाजूच्या फ्री किकचा एक, आणि लांब थ्रो टाकणारा मुलगा असेल तर तो. बस. सहा-सहा प्रकार शिकवले की सामन्यात कुणालाच एकही आठवत नाही. कॉर्नर अडवताना जवळच्या खांबापाशी कोण, हे नाव घेऊन ठरवा. आठव्या आठवड्यात वेळ निम्म्याच्या आसपास आणा पण वेग तोच ठेवा. ४५ मिनिटांचा सराव, त्यात पूर्ण वेगाच्या धावा. सामन्याच्या आदल्या दिवशी २५ मिनिटं हलकं आणि दहा पेनल्टी.

क्लबच्या मुलांचं आत्ताच बोलून घ्या. रविवारी क्लबची मॅच आणि सोमवारी कॉलेजचा जोरदार सराव, असं तीन आठवडे चाललं की हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेलीच. त्यांना सोमवार सुट्टी द्या, बाकीच्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

आणि पोळा, गणपती, महालक्ष्म्या या दिवसांत भंडारा-गोंदियाकडची मुलं गावी जातातच. तेव्हा सक्ती करण्यात अर्थ नाही, सराव सामना त्या आठवड्यात ठेवू नका म्हणजे झालं. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद असतात. लक्ष्मीनगर, बजाजनगर बाजूला ग्राउंड असेल तर तीन दिवस दुसरी सोय बघा.

काळी_माती

ग्राउंडवाल्याचं उत्तर देतो भाऊ, थोडं लांब होईल.

काळ्या मातीचा त्रास पावसात कमी अन् पावसानंतर जास्त राहते. ओल्यात खेळवलं की बुटांचे खड्डे पडते. ऑक्टोबरचं ऊन लागलं की तेच खड्डे विटेसारखे कडक होते, अन् घोटे मुरगळते ते तिथे. म्हणून नियम एकच ठेवा. ग्राउंडवर चालून पाहा. बुटाच्या तळाला बोटभर जाड गोळा चिकटून येत असला तर त्या दिवशी एकालाही आत सोडायचं नाही, क्रिकेटवाल्यांनाही नाही. तेवढ्या दिवशी टर्फ घ्या नाहीतर जिममधे न्या.

रोलर कधी फिरवायचा याची परीक्षा सोपी आहे. वरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा. चकाकली अन् हाताला चिकटली तर थांबा. गोळा झाला पण अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर हीच वेळ. हलका रोलर, आधी लांबीत मग आडवा. भारी रोलर नको, खाली थर इतका घट्ट होते की पुढच्या पावसाचं पाणी मुरतच नाही. पार कोरडं पडल्यावर रोलर फिरवून काही होत नाही, नुसती धूळ उडते.

गोलच्या तोंडाशी सगळ्यात जास्त झीज होते. तिथे वरून रेती टाकून माती झाकू नका. थोडी रेती अन् खूप काळी माती एकत्र झाली की सिमेंट होते. चार इंच माती काढून टाका, दोन भाग कन्हान नदीची रेती अन् एक भाग चाळलेली माती असं मिश्रण भरा, पाणी मारून दाबा. पाच-सहा मीटर रुंद अन् गोलरेषेपासून तीन मीटर पुढे एवढ्या पट्ट्यात केलं तरी कीपर डाइव्ह मारताना घाबरत नाही. मुरूम टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कोपरं अन् गुडघे सोलून निघते.

आखणी फक्कीनं करा, कळीचा चुना नको. ओल्या अंगावर, डोळ्यात गेला तर भाजते. काटकोन दोरीनं काढा: एका बाजूला ९ मीटर, दुसरीकडे १२, अन् दोन टोकांमधलं अंतर बरोबर १५ भरलं की कोपरा सरळ. पेनल्टी एरिया खांबाच्या आतल्या कडेपासून दोन्ही बाजूला १६.५ मीटर अन् आत १६.५. पेनल्टीची खूण ११ मीटरवर. तिथून ९.१५ मीटर त्रिज्येचा कंस, मधल्या वर्तुळालाही तेच माप. गोल ७.३२ बाय २.४४. जुन्या ग्राउंडवर दरवर्षी माती भरून भरून क्रॉसबार खाली आलेला असते, टेप लावून पाहा. तीन-चार इंच कमी निघणं काही नवल नाही.

बुटांचं सांगतो. ओल्या ग्राउंडवर सहा स्टडवाले (तळाला सहा खुंट्या असलेले) बूट सगळ्यात बरे, कारण स्टडमधे अंतर जास्त राहते अन् गोळा अडकत नाही. पण ते नोव्हेंबरच्या कडक जमिनीवर घालू नका. तिथे बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ शूज किंवा आखूड गोल स्टडचे. पैसे एकाच जोडीचे असले तर आखूड गोल स्टडचे घ्या, पात्यासारखे लांबट नको. पातं जमिनीच्या भेगेत अडकते अन् गुडघा फिरते.

बॉल साइज ५ चे आठ घ्या. सहा सरावाचे जाड रबरी कव्हरचे, दोन सामन्याचे शिवलेले. शिवलेले बॉल कडक ग्राउंडवर सरावाला काढले की महिन्याभरात टाके उसवते. निविया, कॉस्को दोन्हीचे चालते. कडक ग्राउंडवर हवा कमी, ९ पीएसआयच्या आसपास. ओल्यात ११-१२. पंपाची सुई ओली करूनच घालायची, कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटते अन् दुकानदार म्हणते बॉलच खराब निघाला.

फिजिओ_धंतोली

वरच्या दोघांनी बहुतेक सगळं सांगितलंय. दुखापतींबद्दल थोडं, कारण २० मुलांची टीम स्पर्धेपर्यंत १४ वर येते ती याच कारणाने.

वॉर्म-अपला फिफा ११ प्लस ही फिफाची ठरलेली व्यायाममालिका वापरा. एकूण २० मिनिटं लागतात: आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा, सामन्याआधी फक्त धावण्याचे दोन भाग. शाळेपासून चालत आलेली "जागेवर उभं राहून स्ट्रेचिंग, मग लगेच शूटिंग" ही सवय मोडा. थंड पायाने पहिलाच जोरदार शॉट मारला की मांडी धरून बसतात.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम. मुलगा गुडघ्यांवर, जोडीदार घोटे धरून, धड सरळ ठेवून जितकं हळू पुढे येता येईल तितकं यायचं. कंबरेत वाकलं की व्यायाम वाया. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाचाचे दोन सेट. चौथ्या आठवड्यापर्यंत तीन दिवस आणि आठाचे तीन सेट. पहिल्या आठवड्यात मांड्या सडकून दुखतात आणि मुलं टाळाटाळ करतात. ते दुखणं अपेक्षित आहे, पण म्हणूनच सामन्याच्या दोन दिवस आधी हा व्यायाम नको.

घोटा मुरगळला तर मालिश, तेल, गरम हळदीचा लेप, चोळून मलम, यातलं पहिले दोन दिवस काहीही नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दोन-तीन तासांनी परत. क्रेप बँडेज बोटांकडून वर, पाय उंच. चार पावलं स्वतः टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढाच. परत खेळवताना "दुखत नाही" एवढ्यावर जाऊ नका. त्याच पायावर दहा उड्या, मग पूर्ण वेगात वळून धावणं, दोन्ही जमलं तर सराव, आणि सरावानंतर सूज नसेल तर सामना.

डोक्याला मार लागून मुलगा क्षणभर जरी गोंधळला, स्कोअर विचारल्यावर अडखळला, तरी तो त्या दिवशी परत आत जात नाही. फायनल असली तरी नाही.

ऑक्टोबर हीटमधे दुपारी दोनचा सामना पडू शकतो. सामन्याच्या दोन तास आधी साधारण अर्धा लिटर पाणी. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत दीड लिटर प्यायला हवं. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमधेच विरघळवायचं. एका ग्लासात अख्खं पाकीट ओतून पिणारी मुलं हाफ टाइमला उलट्या करतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलगा असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, जर्सी काढा, डोक्यावर-अंगावर बर्फाचं पाणी आणि ओले टॉवेल, १०८ ला फोन. आधी थंड करा, मग हलवा. त्यासाठी बर्फाची एक पेटी बेंचवर असलीच पाहिजे.

खाणं सामन्याच्या तीन तास आधी: पोळी, वरण-भात, केळं. सकाळी नऊचा सामना असेल तर कोपऱ्यावरचे तर्री पोहे नंतर. तर्रीशिवाय साधे पोहे दीड-दोन तास आधी चालतात.

क्रीडासचिव_नवा

सगळ्यांचे आभार, हे छापून कोचना देतो. दोन गोष्टी राहिल्या. हाफ टाइमला ग्लुकोजची पावडर द्यायची पद्धत आहे, ती ठेवावी का? आणि आमच्या मुलांना नियमांची बारीक माहिती नाही. सामना बरोबरीत सुटला तर काय, कोणत्या गोष्टीवर पंच अडवतात, हे कोणी सांगेल का?

फिजिओ_धंतोली

ग्लुकोजची कोरडी पावडर तोंडात टाकणं बंद. तोंड सुकतं आणि पोटात गोळा येतो. त्यापेक्षा संत्र्याच्या फोडी. आंबिया बहराचा माल त्याच दिवसांत बाजारात येतो, स्वस्तही पडतो. सालीसकट चार फोडी करा म्हणजे मुलं चोखून टाकून देतात. दोन फोडी आणि पाण्याचे चार-पाच घोट, एवढं पुरे.

तिसरा_पंच

स्पर्धेचं परिपत्रक आधी वाचा. सामना किती मिनिटांचा, बदली खेळाडू किती, जादा वेळ आहे की थेट पेनल्टी, हे स्पर्धेप्रमाणे बदलतं. खेळाच्या नियमांत अधिकृत स्पर्धेत पाचपर्यंत बदली आहेत, पण आयोजक कमी ठेवू शकतात. मॅनेजरने हा कागद खिशात ठेवावा, पंचांशी तोंडी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

सुरुवातीला अडवतात ते कपड्यांवरून. शिन गार्ड (नडगीवरची ढाल) नसेल तर आत नाही. हातातलं कडं, गंडा, अंगठी, कानातली बाळी काढावीच लागते. वर पट्टी चिकटवून झाकलं तरी चालत नाही, नियमात तसं स्पष्ट आहे. मोज्यावर लावलेली टेप मोज्याच्याच रंगाची हवी. कीपरची जर्सी दोन्ही टीमच्या आणि पंचांच्या रंगाहून वेगळी. एकच जर्सी सेट घेणार असाल तर १२ बिब्स (जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची बंडी) घ्या, विरोधी टीमचा रंग तोच निघाला तर त्या कामी येतात. बिब्सवर नंबर छापून घ्या, साध्या बिब्सवर कार्ड कुणाला दिलं ते लिहिताना घोळ होतो. सामना सुरू व्हायला निदान सात खेळाडू लागतात. मुलींच्या टीमनेही हे ध्यानात ठेवावं, त्यांच्याकडे परीक्षेच्या दिवसांत आठ-नऊच येतात आणि एक जखमी झाली की मोजदाद सुरू होते.

कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर आता समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. २०२५-२६ च्या नियमांपासूनचं आहे, जुन्या सहा सेकंदांच्या आणि इनडायरेक्ट फ्री किकच्या सवयीत राहू नका. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजतात, कीपरला तिकडे बघायला शिकवा.

पेनल्टी शूट-आउटमधे सामना संपताना मैदानात असलेलेच मारतात. तुमच्याकडे दहा उरले असतील आणि त्यांच्याकडे अकरा, तर त्यांना एक कमी करावा लागतो. दोनदा नाणेफेक होते, एकदा कोणत्या गोलवर आणि एकदा आधी कोण. सामन्यातलं यलो कार्ड शूट-आउटमधे मोजलं जात नाही, मात्र तिथे नव्याने दोन मिळाले तर बाहेर. किक मारली जाताना कीपरचा एक पाय तरी रेषेवर, रेषेच्या बरोबर वर हवेत किंवा मागे हवा. मारणाऱ्यांची यादी दहा जणांपर्यंत आधीच लिहून ठेवा. पाचच्या पुढे गेलं की सहावा कोण यावर मैदानाच्या मधोमध पंचायत भरते आणि शेवटी ज्याला नको असतं तोच पुढे ढकलला जातो.

मोतीबाग_मिडफिल्ड

यात एक भर. पेनल्टीचा सराव ताज्या पायाने नका करू. सराव किंवा सराव सामना संपला की लगेच, दमलेले असतानाच, अर्ध्या रेषेपासून एकट्याने चालत येऊन एकच किक. दुसरी संधी नाही. कोण कुठे मारतो ते वहीत लिहा, आठ आठवड्यांत प्रत्येकाच्या पंधरा-वीस किक जमतात आणि यादी आपोआप तयार होते.

तिसरा_पंच

बरोबर. आणि समोरच्या खेळाडूच्या पात्रतेवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो लेखी, परिपत्रकात दिलेल्या मुदतीत आणि शुल्कासह द्यावा लागतो. कोरे कागद, पेन आणि कॉलेजचा शिक्का बॅगेत ठेवा. शिक्का नाही म्हणून अर्ज परत फिरलेले बरेच आहेत.